तयार गाणं रेकॉर्ड करताना सॅम्पलरचा आवाज कसा टिकवायचा

सॅम्पलर म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे (सॅम्पल) पॅडवर वाजवणारं मशीन. त्यावर गाणं वाजतं तेव्हा छातीत दणका बसतो, आणि तेच गाणं लॅपटॉपमध्ये नेलं की फिकं पडतं. ही तक्रार नाशकात दोन प्रकारच्या लोकांकडून येते. एक म्हणजे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आणि गणपतीत ऑक्टोपॅडच्या जागी रोलँडचा एसपीडी-एसएक्स हा सॅम्पलर घेऊन बसणारे वादक. दुसरी कॉलेज रोड, इंदिरानगरच्या खोल्यांत रोलँडच्या एसपी-४०४ नाहीतर अकाईच्या एमपीसी या सॅम्पलरवर बीट, म्हणजे गाण्याचा ठेका, बनवणारी पोरं. दोघांचं घोडं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतं. मशीनच्या कार्डमधल्या किंवा मेमरीतल्या वेव्ह फाइल्स काढायच्या, लॅपटॉपमध्ये ग्रिडवर, म्हणजे ठोक्यांच्या आखलेल्या रेघांवर, मांडायच्या, वर गळा लावायचा आणि गाणं झालं म्हणायचं.

फाइल तीच असते, मग आवाज का बदलतो? कारण सॅम्पलरचा आवाज फाइलमध्ये साठवलेला नसतो. मशीन ती फाइल वाजवतं तेव्हा तो तयार होतो. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून घाई न करता तिथूनच सुरुवात करू.

आवाज नेमका कुठे बनतो

जुन्या मशीनमध्ये हे स्वच्छ दिसतं. ई-म्यूचा एसपी-१२०० आला १९८७ मध्ये. १२ बिट (प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला जातो), २६.०४ किलोहर्ट्झ (सेकंदाला किती हजार नमुने), आणि सगळी मेमरी मिळून जेमतेम १० सेकंद. जागा वाचवायला लोक ३३ आरपीएमची रेकॉर्ड ४५ वर फिरवून सॅम्पल घ्यायचे आणि मशीनमध्ये पिच खाली आणायचे. ३३ वरून ४५ म्हणजे साधारण पाच सेमीटोन (अर्धस्वर). पिच खाली आणताना हे मशीन मधले बिंदू गुळगुळीत करून भरत नाही, आहेत तेच नमुने पुन्हा पुन्हा वापरतं. त्यातून जो खरखरीत, धातूसारखा किनारा येतो तोच त्याचा प्रसिद्ध आवाज. शिवाय आठ आउटपुटपैकी पहिल्या दोनांवर हलता ॲनालॉग फिल्टर, तीन ते सहावर ठरावीक फिल्टर आणि सात-आठवर फिल्टरच नाही. म्हणजे एकच हाय-हॅट (ड्रमसेटमधल्या झांजांचा आवाज) तिसऱ्या आउटपुटमधून काढली तर एक आवाज, आठव्यातून काढली तर दुसरा. फाइल कॉपी करून यातलं काहीही हाती लागत नाही.

अकाईचा एमपीसी६० १९८८ चा. तोही १२ बिट, ४० किलोहर्ट्झ. त्याच्या सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे ठोके क्रमाने साठवून वाजवणाऱ्या भागात, एका क्वार्टर नोटचे ९६ भाग पडतात. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) एक भाग साधारण सात मिलिसेकंदांचा. स्विंग लावला, म्हणजे एकाआड एक ठोका थोडा उशिरा केला, की ठोके या सात-सात मिलिसेकंदांच्या पायऱ्यांवर सरकतात. ही लयही आवाजाचाच भाग धरा. अशा बीटचे ठोके लॅपटॉपच्या ग्रिडला ‘नीट’ चिकटवले की अर्धं मशीन तिथेच गेलं.

आता आजची मशीन. एसपी-४०४ एमके टू ४८ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर चालतं, एसपीडी-एसएक्स ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर. यांचे कन्व्हर्टर (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारे भाग) स्वच्छ आहेत. ‘आउटपुटच्या वायरीतून जादू येते’ असं यांच्याबद्दल कोणी सांगितलं तर मी मानणार नाही. यांची ओळख इफेक्टमध्ये आहे: व्हिनाइल सिम्युलेटर (जुन्या रेकॉर्डची कडकड), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), लो-फाय (आवाज मुद्दाम खडबडीत करणारा), आणि इफेक्टसकट पुन्हा सॅम्पल करण्याची, म्हणजे रीसॅम्पलिंगची सवय. त्याखेरीज एक पॅड दुसऱ्याला कापतो तो म्यूट ग्रुप, पॅडवरचा एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो तो आराखडा), आणि एकाच वेळी किती आवाज वाजू शकतात ती मर्यादा. जुन्या एसपी-४०४ मध्ये ही मर्यादा १२ आवाजांची आहे. बीट दाट झाली की आधीच्या आवाजाची शेपूट गुपचूप कापली जाते. श्वास घेतल्यासारखी जी उघडमीट ऐकू येते, त्यात या कापाकापीचा मोठा वाटा असतो.

आधी तुमच्या मशीनची परीक्षा

तुमचं मशीन आवाजात काय मिसळतं हे ऑनलाइन मंचावरच्या गप्पांवरून ठरवू नका. चाचणी सोपी आहे. एक छोटं सॅम्पल घ्या, एक-दोन सेकंदांचं. समजा भांडी बाजाराजवळच्या तांबट लेनमध्ये फोनवर टिपलेला हातोडीचा ठोका. तो मशीनमधून वाजवून लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करा. शेजारच्या ट्रॅकवर कार्डमधली मूळ फाइल ठेवा. दोन्ही झूम करून अगदी एकाखाली एक आणा, लेव्हल सारखी करा आणि एका ट्रॅकची फेज उलटवा, म्हणजे लाट उलटी करा. दोन्ही एकत्र वाजवल्यावर जे उरतं ते तुमच्या मशीनचं योगदान.

काहीच उरलं नाही, नुसती बारीक सळसळ राहिली, तर त्या पॅडपुरती फाइल कॉपी केली काय नि आउटपुट घेतला काय, फरक नाही. मग हीच चाचणी पिच चार-पाच सेमीटोन खाली आणून करा, मग कॉम्प्रेसर लावून. कुठे फरक फुटतो ते कळेल आणि नेमकं काय जपायचं तेही कळेल. चाचणी लांब तुकड्यावर मात्र करू नका. मशीनचं घड्याळ आणि ऑडिओ इंटरफेसचं (आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डब्याचं) घड्याळ तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखात ५० भागांचा फरक असला तरी चार मिनिटांच्या गाण्यात १२ मिलिसेकंदांची तफावत पडते. चाचणीत हा फरक मशीनचा आवाज समजून बसाल.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही

म्हणजे बीट बदलायची नाही. रेकॉर्डिंग आणि बनवणं या दोन बैठका वेगळ्या ठेवा. बनवण्याच्या बैठकीच्या शेवटी प्रोजेक्ट सेव्ह करा, कार्डची पूर्ण कॉपी लॅपटॉपवर घ्या, टेम्पो दशांशासकट वहीत लिहा आणि मशीनच्या नॉबचा फोनवर फोटो काढा. ज्या मशीनवर नॉब हलला की आवाज बदलतो पण स्क्रीनवर काही दिसत नाही, तिथे हा फोटो सोन्यासारखा.

पॅडच्या आतल्या लेव्हल याच वेळी ठरवा. आतला मिक्स हा मशीनच्या आवाजाचा मोठा भाग आहे, कारण मास्टरवर कॉम्प्रेसर असेल तर किक (ड्रमचा खालचा जाड ठोका) किती जोरात त्यावर बाकी सगळं किती दबणार हे ठरतं. ‘लेव्हल नंतर लॅपटॉपमध्ये बघू’ हे वाक्य इथे चालत नाही. मास्टर व्हॉल्यूमचा नॉब तीन-चतुर्थांशाच्या वर ठेवा आणि तिथे चिकटपट्टीची खूण करा. फार खाली ठेवलात तर आउटपुटचा हिस्स (सळसळ) वाढतो, आणि मग तो लपवायला डी-नॉइजर (सळसळ पुसणारं सॉफ्टवेअर) लागतो.

वायर, लेव्हल आणि आर्थिंग

हेडफोनच्या भोकातून रेकॉर्ड करू नका; लाइन आउट वापरा. बहुतेक छोट्या सॅम्पलरचे आउट अनबॅलन्स्ड (गुणगुण अडवणारी तिसरी तार नसलेले) असतात, म्हणून दोन साध्या मोनो पी-३८ (पाव इंची जॅकच्या) वायरी, शक्यतो तीन मीटरच्या आतल्या. लांब वायर म्हणजे हमिंगला आमंत्रण. इंटरफेसवर इनपुट लाइनला ठेवा. माइकच्या इनपुटला लावलं तर प्रीॲम्प आधीच भरून फुटतो, गिटारच्या हाय-झेड इनपुटला लावलं तर लेव्हल बिघडते. फँटम (माइकला दिली जाणारी वीज) बंद. डावी-उजवी दोन्ही गेन एकाच आकड्यावर, नाहीतर किक मधोमध राहत नाही.

लेव्हल किती? गाण्याचा सर्वांत जोराचा भाग वाजवा आणि पीक (सर्वांत वरचं टोक) उणे १२ ते उणे ६ डीबीएफएसच्या (शून्य म्हणजे डिजिटलची कमाल मर्यादा) दरम्यान आणा. त्याहून वर न्यायची गरज नाही. १२ बिट मशीनची रेंज सिद्धांतानुसार ७२ डीबी, १६ बिटची ९६. तुम्ही २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताय, तिथे १४४ डीबीची जागा आहे. वर १२ डीबी मोकळी सोडली तरी मशीनमधला एक कणही वाया जात नाही. ‘मीटर लाल झाला की जाड आवाज येतो’ हे मशीनच्या आतल्या इनपुटबद्दल खरं असू शकतं. इंटरफेसच्या इनपुटला लाल म्हणजे नुसता फाटलेला आवाज.

सॅम्पल रेट मशीनचा जो, तोच प्रोजेक्टचा. एसपीडी-एसएक्स असेल तर ४४.१, एमके टू असेल तर ४८. ॲनालॉग आउटमधून घेताना याने आभाळ कोसळत नाही, पण यूएसबीने घेताना रेट जुळला नाही तर मधे रूपांतर होतं आणि ते टाळता येण्यासारखं आहे. यूएसबी की वायर? इफेक्ट डिजिटल असलेल्या आजच्या मशीनवर मी बिनदिक्कत यूएसबी म्हणेन. इफेक्ट, रीसॅम्पलिंग, म्यूट ग्रुप सगळं त्यात येतं आणि आर्थिंगची कटकट वाचते. जुन्या मशीनवर मात्र ॲनालॉग आउटच, तिथे दुसरा पर्याय नाही. आणि एमपीसीच्या नव्या मॉडेलांवर गाणं आतल्या आत ऑडिओ म्हणून काढता येतं, ट्रॅक वेगळे करूनसुद्धा. ते मशीनचंच रेंडर असल्यामुळे चालेल, फक्त मास्टरवरचे इफेक्ट त्यात येतायत का हे कान लावून तपासा.

हमिंगचं काय करायचं? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर बसते, म्हणजे नेमकी ढोल आणि बेसच्या शेजारी. पहिली पायरी: मशीन, इंटरफेस आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. दुसरी: लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, निम्म्या वेळा हमिंग इथेच संपतं. तिसरी: एसपी-४०४ सारखं मशीन सहा पेन्सिल सेलवर चालतं, तेवढ्या टेकपुरते सेल घाला. तरीही राहिलं तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स किंवा आयसोलेटर मधे टाका, म्हणजे दोन्हींमधली थेट विद्युत जोडणी तुटते. तीन पिनच्या प्लगमधली आर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला देणारा कोणी ना कोणी भेटतोच, त्याला नमस्कार करा आणि पिन राहू द्या. जीवाशी खेळ आहे तो.

पावसाळ्यात लाइट गेल्यावर घरचा इन्व्हर्टर चालू होतो. तो साधा स्क्वेअर वेव्हचा असेल तर ॲडॉप्टरमधून किरकिर येते आणि ती आख्ख्या टेकभर बसते. अशा वेळी थांबून चहा प्यावा. किंवा सगळं बॅटरीवर.

पहिला टेक: अख्खं गाणं, दोन ट्रॅकवर

बहुतेक लोक थेट वेगवेगळे ट्रॅक काढायला बसतात. आधी एक काम करा. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सगळे पॅड, सगळे इफेक्ट, हाताने फिरवलेले फिल्टर, सगळ्यासकट स्टीरिओमध्ये रेकॉर्ड करा. दोन-चार टेक घ्या. त्यातला आवडता निवडा, त्याला ‘मूळ’ असं नाव द्या आणि कुलूप लावा. इथून पुढे जे काही कराल ते या टेकशी ताडून बघायचं.

माझं मत विचाराल तर बऱ्याच गाण्यांना हाच टेक पुरतो. वर गळा आणि एखादं वाद्य घाला, संपलं. वेगळे ट्रॅक हवेत असं वाटतं ते पुष्कळदा भीतीपोटी, ‘नंतर काही बदलावंसं वाटलं तर’ म्हणून. बीट आतूनच नीट बसली असेल तर बदलावंसं वाटत नाही. बसली नसेल तर ती मशीनवर बसवा.

टेक घेताना शेवटच्या ठोक्यानंतर लगेच स्टॉप दाबू नका. डिले आणि रिव्हर्बची शेपूट पूर्ण विरू द्या, वर पाच सेकंद शांतता घ्या. सुरुवातीलाही तसंच. ती नुसती सळसळ पुढे फेड करायला कामी येते, आणि मध्येच बीट थांबते अशा जागी खालची सळसळ एकदम गायब झाली तर ते कानाला लगेच खटकतं.

वेगळे ट्रॅक काढायचेच असतील तर

आता अवघड भाग. मास्टर इफेक्ट चालू ठेवून एकेक पॅड वेगळा रेकॉर्ड केला आणि नंतर सगळे ट्रॅक एकत्र वाजवले, तर मूळ टेकसारखा आवाज येईल का? ते इफेक्ट कोणता आहे त्यावर आहे. इक्वलायझर, न हलणारा फिल्टर, साधा डिले, साधा रिव्हर्ब यांचं गणित बेरजेचं आहे. वेगवेगळं काढून एकत्र केलं तरी जवळपास तेच मिळतं. कॉम्प्रेसर, डिस्टॉर्शन, लो-फाय, व्हिनाइल सिम्युलेटर यांचं तसं नाही. कॉम्प्रेसर किक आल्यावर घंटेला दाबतो. घंटा एकटी वाजवली तर दाबायला किकच नाही, म्हणून ती उघडी, मोठी येते. किकही एकटी वेगळीच दबते. शेवटी सगळं एकत्र केल्यावर हाती येतं ते दुसरंच गाणं.

म्हणून बसवर, म्हणजे अनेक आवाज एकत्र जातात त्या वाटेवर, असा इफेक्ट असेल तर दोनच रस्ते. एक, ट्रॅक इफेक्टशिवाय कोरडे काढा, लॅपटॉपमध्ये लेव्हल बसवा आणि तो मिक्स मशीनच्या इनपुटमधून परत पाठवून तोच इफेक्ट लावून पुन्हा रेकॉर्ड करा. एसपी-४०४ मध्ये बाहेरचा आवाज आत घेऊन इफेक्टमधून काढता येतो, ते यासाठी फार छान. एमके टूमध्ये पॅड पहिल्या किंवा दुसऱ्या बसवर जातात आणि तिसरी-चौथी बस एकामागून एक सगळ्यावर लागते, त्यामुळे कोणता इफेक्ट एका पॅडचा आणि कोणता अख्ख्या गाण्याचा हे वेगळं ठेवता येतं. दुसरा रस्ता, बीटला एकसंध स्टीरिओच राहू द्या आणि फक्त जे त्या कॉम्प्रेसरमधून जातच नाही ते वेगळं काढा.

वेगळे ट्रॅक काढताना जोड्या तोडू नका. उघडी हॅट बंद हॅटने कापली जात असेल तर दोन्ही एकाच पासमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या एकाच फेरीत. ढोलाच्या टोलाला टिपरूचा ठोका कापत असेल तर तेही एकत्र. एक पॅड म्यूट केला की त्याचं कापणंही बंद होतं आणि दुसऱ्याची शेपूट लोंबत राहते. आवाजांच्या मर्यादेमुळे होणारी कापाकापीसुद्धा वेगळ्या पासमध्ये येत नाही. ती हवी असेल तर मूळ टेक ऐकत शेपट्या हाताने कापाव्या लागतात. कंटाळवाणं आहे, पण होतं.

सगळे पास जुळवायचे कसे? गाण्याच्या आधी एक मोकळा बार ठेवा आणि त्याच्या पहिल्या ठोक्यावर एक टोकदार आवाज, रिमशॉट किंवा ती तांबटाची हातोडी. प्रत्येक पासमध्ये हा ठोका असलाच पाहिजे. रेकॉर्ड झाल्यावर तो ठोका एकाखाली एक आणला की बाकीचं आपोआप बसतं, कारण प्रत्येक वेळी घड्याळं तीच दोन असतात. हा ठोका नंतर कापून टाका.

मिडी क्लॉक (यंत्रांमध्ये ठेका जुळवणारे संकेत) लावून लॅपटॉपला मालक आणि मशीनला चाकर करण्याची सोय असते. मिडी क्लॉकमध्ये एका क्वार्टर नोटला २४ टिकटिकी, म्हणजे १२० बीपीएमला दर २१ मिलिसेकंदांनी एक. त्या टिकटिकी यूएसबीवरून येताना थोड्या मागेपुढे होतात आणि मशीनचा स्वतःचा ठेका डगमगतो. ठेका मशीनचा हवा असेल तर मशीनलाच मालक राहू द्या. लॅपटॉपला त्याच्या टेम्पोशी जुळवायचं असेल तर रेकॉर्ड झालेल्या टेकवरून टेम्पो मॅप (कुठे किती वेग आहे त्याचा नकाशा) काढा. ऑडिओ वाकवू नका.

ऑक्टोपॅडवाल्यांसाठी थोडं वेगळं. तुमचं वादन हाताचं आहे, सिक्वेन्सरचं नाही, म्हणून पास वगैरे भानगड नाही. जसं वाजवलं तसं एकदाच येणार. एसपीडी-एसएक्सला मास्टर आउटखेरीज सब आउट आहे. किक आणि ढोल सबवर, बाकी सगळं मास्टरवर असं वाटप करून इंटरफेसचे चार इनपुट भरले तर मिक्सच्या वेळी खालचा भाग हातात राहतो. सबवर पाठवलेल्या पॅडला मास्टर इफेक्ट लागतोय का, ते मात्र आधी ऐकून घ्या. मिडीही (कुठला पॅड कधी वाजवला त्याची नोंद) सोबत रेकॉर्ड करून ठेवा. फक्त नंतर त्या मिडीवरून एखाद्या प्लगइनचा ढोल वाजवून ‘अजून चकाचक’ करायचा मोह आवरा. तुम्ही गोदाघाटावर स्वतः टिपलेला टोल कितीही गबाळा असला तरी तो तुमचा आहे.

लॅपटॉपमध्ये हात आवरता घ्या

एबलटन लाइव्हमध्ये लांब ऑडिओ ओढला की तो आपोआप वॉर्प होऊ शकतो, म्हणजे टेम्पोला चिकटवायला ताणला-दाबला जातो. ठोक्यांच्या कडा तिथेच मऊ पडतात. क्लिपवरचं वॉर्प बंद करा, शक्य तर सेटिंगमधूनच. बाकीच्या सॉफ्टवेअरमध्येही टेम्पो बदलल्यावर ऑडिओ ताणला जातो का ते बघा. नॉर्मलाइझ करू नका, ट्रॅकांचं आपसातलं प्रमाण मोडतं.

डी-नॉइजर तर अजिबात नको. त्याला सळसळ आणि सॅम्पलरची खरखर यातला फरक कळत नाही, आणि १२ बिटच्या खरखरीत अर्धी गोडी आहे. सळसळ खरोखरच नको असेल तर जिथे बीट वाजत नाही तिथे फेडर खाली ओढा.

इक्वलायझरने ‘हवा’ वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. २६ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या मशीनमध्ये १३ किलोहर्ट्झच्या वर मुळात आवाज नसतो. जे काही तिथे असतं ते फिल्टर नसलेल्या आउटमधून निसटलेलं प्रतिबिंब. तिथे बूस्ट केलं की फक्त कचरा मोठा होतो. कापायचं असेल तर खाली कापा, ३० हर्ट्झच्या खाली, तेही गरज असेल तर. थोडक्यात, बीटच्या ट्रॅकवर तुम्ही तिसरं प्लगइन लावायला निघालात तर थांबा, मूळ टेक वाजवा आणि खरंच सुधारतंय का ते लेव्हल सारखी करून ऐका. मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो, म्हणून लेव्हल सारखी करणं महत्त्वाचं.

गळा कुठे बसवायचा

इकडे अहिराणी गाण्यांचं भरपूर रेकॉर्डिंग चालतं, आणि त्यात ही अडचण नेहमी दिसते. कंडेन्सर माइकवर घेतलेला गळा लख्ख, वरपर्यंत चमकणारा. खाली बीट मातकट. दोन्ही एका खोलीतले वाटत नाहीत. मग लोक बीटला घासून चमकवायला जातात. उलटं करा, गळ्याला बीटच्या जवळ आणा. १० किलोहर्ट्झच्या वरून हलकेच उतरवा, डायनॅमिक माइक असेल तर तोच वापरून बघा, कोरसच्या दोन-चार ओळी सॅम्पलरमध्ये घेऊन त्याच्याच इफेक्टमधून काढा. मुख्य गळा मात्र सॅम्पलरमधून घालवू नका. शब्द ऐकू आले पाहिजेत. अहिराणीत बारीकसारीक उच्चार गेले की गंमतच जाते.

रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा सॅम्पल केलेला असेल तर परवानगीशिवाय तो बाजारात नेऊ नका. यूट्यूबवर टाकलं की हक्काचा दावा येऊन बसू शकतो. लासलगावच्या कांदा लिलावातला गलका, पंचवटीतल्या घंटा, नाशिकरोडवर गाडी आत येतानाची घरघर, हे सगळं तुम्ही स्वतः टिपलेलं असेल तर त्या रेकॉर्डिंगवर दुसऱ्या कोणाचा दावा येत नाही. फक्त मागे मंडपात कुठलं फिल्मी गाणं वाजत नाही ना, तेवढं बघा. माणसाचा आवाज ओळखू येण्यासारखा असेल तर त्याला विचारा.

मास्टरिंग आणि बाहेर पाठवणं

मास्टरिंगसाठी, म्हणजे गाणं बाहेर जाण्याआधीच्या शेवटच्या हातासाठी, २४ बिटची स्टीरिओ वेव्ह द्या, पीक उणे ६ च्या आसपास, मास्टरवर लिमिटर (ठरावीक मर्यादेपलीकडे आवाज जाऊ न देणारा) न लावता. सोबत मूळ टेकही पाठवा आणि स्पष्ट लिहा: सळसळ ठेवायची आहे, वरचा भाग उघडायचा नाही, कॉम्प्रेसरचं पंपिंग मुद्दाम आहे. हे न लिहिल्यास समोरचा माणूस त्याच्या परीनं ‘दुरुस्ती’ करणार, आणि त्यात त्याचा दोष नाही.

आवाज किती मोठा? स्पॉटिफाय आणि यूट्यूब साधारण उणे १४ लफ्सच्या (सरासरी मोठेपणाचं माप) आसपास आणून वाजवतात, त्यामुळे उणे ७ पर्यंत कुटून काढलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि चपटेपणा तेवढा उरतो. सॅम्पलरची बीट मुळात दाबलेली असते, तिच्यावर पुन्हा जोरदार लिमिटर म्हणजे किकचा माथा फोडणं. ट्रू पीक उणे १ डीबीवर थांबा, कारण एमपी३ किंवा एएसी होताना पीक थोडे वर उडतात. १६ बिट करायचं असेल तर डिथर (बिट कमी करताना मिसळायची बारीक सळसळ) एकदाच, अगदी शेवटी.

व्हिनाइल सिम्युलेटरची कडकड आणि पांढरी सळसळ कमी बिटरेटच्या एमपी३ ला झेपत नाही; तिचं पाण्यात बुडबुडल्यासारखं होतं. म्हणून पाठवण्याआधी १२८ केबीपीएसची एक एमपी३ करून ऐका. फार बुडबुडत असेल तर सळसळ दोन-तीन डीबीने खाली घ्या, पण ती मशीनवर खाली घ्या आणि टेक परत काढा. व्हॉट्सअॅपवर गाणं पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मोनोमध्ये ऐकणं चुकवू नका. मंडळाच्या मंडपात, रिक्षात, फोनच्या एका स्पीकरवर गाणं मोनोच वाजतं. सॅम्पलरमधला कोरस किंवा स्टीरिओ वाइडनर मोनोत गेला की हॅट आणि घंटा अर्ध्या गायब होतात. तसं झालं तर तो इफेक्ट मशीनवर कमी करा आणि तेवढाच पास पुन्हा घ्या. यासाठीच तो नॉबचा फोटो, ती चिकटपट्टी आणि सेव्ह केलेला प्रोजेक्ट.

पुन्हा लागेल तेव्हा

गाणं बाहेर गेल्यावर एका फोल्डरमध्ये पाच गोष्टी हव्यात: कार्डची पूर्ण कॉपी, मूळ स्टीरिओ टेक, वेगळे पास पहिल्या ठोक्यासकट, अंतिम २४ बिट मास्टर, आणि टेम्पो, सॅम्पल रेट, इंटरफेसची गेन लिहिलेली एक साधी टेक्स्ट फाइल, सोबत नॉबचा फोटो. फाइलच्या नावात गाणं, तारीख आणि पासचं नाव घाला. ‘फायनल नवीन खरं फायनल’ याने पुढच्या वर्षी काही बोध होत नाही. फोल्डर दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. फ्लॉपी किंवा झिप डिस्कवर चालणारं जुनं मशीन असेल तर त्यातलं सगळं आजच बाहेर काढा, ती माध्यमं वयाने मरतायत.

मशीन स्वतः पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहू द्या, आणि सेल काढून ठेवा. पाझरलेला सेल संपर्काच्या पट्ट्या खातो, आणि मग पुढच्या गणपतीच्या आधी दुरुस्तीवाल्याकडे रांग लावावी लागते.